जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर : दुरुस्त करावा कीं नवा बसवावा ?

पेरणीचे दिवस तोंडावर आले कीं आपल्या सभासदांना घरच्या जुन्या मोटारीची आठवण होते. वर्षांतील आठ महिने गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखालीं पडलेली जीप बियाणें व खत आणण्यासाठीं बाहेर काढावी, तों ती खोकते, धक्के देते, चढावर दम टाकते आणि गांवाबाहेर दोन फर्लांग जाऊन उभी राहते. मग मिस्त्रीला निरोप जातो. मिस्त्री येतो, बॉनेट उघडतो, दोन मिनिटें कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, "काका, कार्बोरेटर गेला. नवाच टाका." हा निकाल इतक्या सहजपणें दिला जातो आणि इतक्या मुकाट्यानें मान्य केला जातो, कीं त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटलें. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. जोंवर जुन्या कार्ब्युरेटरचें ओतीव अंग शाबूत आहे, तोंवर तोच दुरुस्त करून घ्यावा. आणि दुरुस्तीचा किंवा खरेदीचा विचार मनांत आणण्यापूर्वीं दोष खरोखर त्याचाच आहे कीं नाहीं, हें स्वतः उभें राहून पाहावें.

हा प्रश्न आज किती जणांचा, असें कोणी विचारील. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत महिंद्र कंपनीनें मुंबईस विलीस जातीच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढें त्या गाड्या देशभर गेल्या. त्यांचीं पेट्रोलचीं इंजिनें पुष्कळ मालकांनीं कालांतरानें काढून डिझेलचीं बसविलीं, तरी कांहीं अद्याप पेट्रोलवरच आहेत. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसडर आणि आरंभींच्या काळांतील मारुती ८०० ह्या गाड्याही कार्ब्युरेटरच्याच. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर कायमची गेली. परंतु शहरांतून एखादी वस्तु गेली म्हणजे ती देशांतून गेली असें नव्हे. जिंतूरकडील डोंगराळ वाटांवर किंवा पालम-गंगाखेडच्या बाजूस ज्या घरीं दुसरें वाहन घेण्याची ऐपत नाहीं, त्या घरीं ही जुनी गाडीच मालाची, माणसांची आणि वेळप्रसंगीं आजाऱ्याची गाडी असते. ती चालूं राहणें ही हौसेची गोष्ट नव्हे.

कार्ब्युरेटरचें काम वरवर पाहतां साधें आहे. बारीक भोंकांतून पेट्रोल फवारून तें हवेंत मिसळण्याची युक्ति विल्हेल्म मायबाख ह्या जर्मन यंत्रज्ञानें १८९३ सालीं सिद्ध केली, व तिचें मूळ तत्त्व पुढें कार्ब्युरेटरच्या शेवटच्या गाडीपर्यंत टिकलें. इंजिन हवा ओढतें. ती हवा एका आवळलेल्या गळ्यांतून जातांना वेग घेते व तेथील दाब उतरतो. त्या ओढीनें शेजारच्या वाटींतील पेट्रोल 'जेट' नांवाच्या पितळी भोंकांतून उसळून हवेंत मिसळतें. वाटींतील पातळी कायम राखण्यासाठीं एक फ्लोट आणि त्याच्या नाकावर एक सुई. आपल्या फवारणीच्या पंपाचें नोझल ज्यानें खोलून साफ केलें आहे, त्याला ह्यांत न समजण्यासारखें कांहीं नाहीं. अशा यंत्रांत झिजण्यासारखें थोडें असतें, आणि जें झिजतें तें बहुतेक बदलतां येतें. आमच्या मताचा पाया हाच आहे.

आतां ह्या प्रश्नास एक नवें अंग आलें आहे, आणि तें आपल्या जिल्ह्यास विशेष जवळचें आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजीं २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल देशांत प्रथम विक्रीस आलें आणि २०२५ पर्यंत तें सर्वत्र रूढ झालें. हें इथेनॉल येतें कोठून ? मक्यांतून, तांदळांतून आणि उंसांतून. पाथरी, मानवत, गंगाखेड, सोनपेठ ह्या बाजूंस गोदेच्या आणि जायकवाडीच्या कालव्याच्या पाण्यावर जो ऊंस उभा राहतो, त्याच पिकाचा अर्क आज आपल्या गाडीच्या टाकींत पोंचतो. ज्याला कारखान्याकडून उंसाचे पैसे हवे आहेत, त्यानें इथेनॉलच्या नांवानें बोटें मोडणें शोभत नाहीं, आणि आम्ही तीं मोडणारही नाहीं. पण आपल्याच मालाचा आपल्याच जुन्या यंत्रावर काय परिणाम होतो, हें तरी शेतकऱ्यास ठाऊक असावें.

एक किलो निव्वळ पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते; इथेनॉलला सुमारें ९ किलोच पुरते. २० टक्क्यांच्या मिश्रणास हा हिशेब साडेतेरा किलोंच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेबरोबर इंधन सुमारें ८ टक्के अधिक गेलें पाहिजे. नव्या गाड्यांच्या धुराच्या नळींत प्राणवायु मोजणारें साधन असतें आणि त्यावरून इंधन आपोआप कमी-अधिक होतें. आपल्या कार्ब्युरेटरला डोळे नाहींत. जेटाचें भोंक जेवढें, तेवढेंच इंधन तो देणार. परिणामीं मिश्रण पातळ होतें, इंजिन अधिक तापतें, चढावर ओढ कमी पडते. आणि मालकाला वाटतें, कार्ब्युरेटर बिघडला. वास्तविक तो पूर्वींचेंच काम पूर्वींप्रमाणेंच करीत असतो, बदललें आहे तें पेट्रोल. नीति आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालांतही, निव्वळ पेट्रोलसाठीं बांधलेल्या व १० टक्क्यांच्या मिश्रणास जुळविलेल्या चारचाकी गाडीचें दर लिटरचें अंतर २० टक्क्यांच्या मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनीं घटेल असा अंदाज दिलेला आहे. तेव्हां जरा कमी अंतर पडलें म्हणून लगेच पाना हातांत घेऊं नये.

इथेनॉल ह्याखेरीज दुसराही उपद्रव करतें. तें हवेंतील ओल शोषून घेतें. पावसाळ्यांत अर्धवट भरलेली टाकी महिनोन्महिने उभी राहिली आणि पाणी मर्यादेबाहेर गेलें, कीं पाणी व अर्क मिळून टाकीच्या तळाशीं बसतात, आणि नळीचें तोंड नेमकें तेथेंच असतें. जुन्या टाकींत वर्षानुवर्षें साचलेला गाळ तें सैल करतें. जस्ताच्या मिश्रधातूच्या अंगावर पांढरी भुकटी चढते. जुन्या प्रकारच्या रबराचे पडदे व वॉशर फुगतात किंवा कडक होतात. कार्ब्युरेटर दुरुस्त करावयाचा तो ह्या गोष्टी ध्यानांत घेऊनच. कपाटांत दहा वर्षें पडून असलेलें जुनें किट बसविलें, तर त्याचा पडदा फार दिवस टिकणार नाहीं. दुकानदारास इथेनॉल सोसणारें रबर आहे कीं नाहीं हें स्पष्ट विचारावें, आणि त्याला सांगतां आलें नाहीं तर दुसरें दुकान पाहावें.

दोष कार्ब्युरेटरचाच आहे कशावरून, असें आम्ही वर म्हटलें. त्यास आमच्या घरचाच दाखला आहे. चार वर्षांपूर्वीं आमची जीप एक विचित्र खोड करूं लागली. चार-पांच किलोमीटर नीट चालावें, मग गुदमरून थांबावें, आणि दहा मिनिटें उभी राहिल्यावर जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी पुन्हां सुरू व्हावें. शहरांतील एका गॅरेजांत नेली. त्यांनीं नवा कार्ब्युरेटर बसविला. जुना कोठें गेला हें आम्ही विचारलें नाहीं आणि त्यांनींही सांगितलें नाहीं. तो भंगारांत वजनावर गेल्याचें मागून समजलें. आठच दिवसांनीं, रात्रीं, शेजारच्या गरोदर सुनेला तालुक्याच्या गांवीं नेतांना तीच जीप वाटेंत दोनदां उभी राहिली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिलीं. परंतु दोहों बाजूंस ऊंस, दिवे मंद झालेले, आणि मागच्या बाकावरून येणारा कण्हण्याचा आवाज, असा तो अर्धा तास आम्ही विसरलों नाहीं. पुढें शेजारच्या गांवच्या एका वृद्ध ड्रायव्हरनें टाकीची नळी सोडली आणि आंत बोट घातलें. गंजाचा एक पापुद्रा नळीच्या तोंडाशीं होता. पेट्रोलच्या ओढीनें तो तोंडावर चिकटे आणि गाडी थांबली कीं खालीं बसे. टाकी धुण्यास एक दुपार लागली. नव्या कार्ब्युरेटरचे पैसे गेले, जुना चांगला गेला, आणि दोष होता तेथेंच राहिला होता.

म्हणून प्रथम प्लग, पॉइंट व ठिणगी पाहावी. मग कार्ब्युरेटरकडे येणारी पेट्रोलची नळी सोडून तिचें तोंड कांचेच्या बाटलींत धरावें आणि इंजिन फिरवावें. धार अखंड येते काय, तळाशीं पाणी किंवा गंज दिसतो काय, हें दोन मिनिटांत समजतें. अर्थात् हें काम थंड इंजिनावर, उघड्या जागीं व विडी-काडी दूर ठेवून करावें. उन्हाळ्यांतील एक दोषही वेगळा ओळखावा. मे महिन्यांत परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर असतो. तापलेली गाडी बंद केली कीं इंजिनाची ऊब वर चढून वाटींतील पेट्रोल उकळतें आणि गाडी पुन्हां लवकर सुरू होत नाहीं. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड ह्यांच्यामध्यें उष्णता अडविणारी एक जाड चकती असते. कोण्या घाईच्या मिस्त्रीनें ती मागें केव्हां तरी काढून फेकलेली असणें अगदीं शक्य आहे. ती परत बसवावी. त्यासाठीं नवा कार्ब्युरेटर लागत नाहीं.

एवढें करूनही संशय कार्ब्युरेटरवरच राहिला तर तो उतरवून टेबलावर, स्वच्छ फडक्यावर खोलावा. पहिली तपासणी थ्रॉटलच्या दांड्याची. आपल्या काळ्या मातीची धूळ हा दांडा व त्याचें भोंक दोन्ही खाते. एअर क्लीनरमधील तेल वेळेवर न बदलणाऱ्यांच्या गाडींत तर अधिकच. दांडा बोटांनीं हलवितां चांगलाच डुगडुगत असेल, तर तेथून चोरटी हवा शिरते आणि गाडी नुसती उभी चालूं ठेवली असतां एकसारखी चालत नाहीं. येथेंच पुष्कळ मिस्त्री हात टेकतात. परंतु चांगल्या लेथवाल्याकडे तें भोंक सरळ वाढवून पितळी बुश बसवितां येतें, आणि तसें केलेला कार्ब्युरेटर पुढें वर्षानुवर्षें चालतो. बूड वांकडें झालें असेल, म्हणजे बोल्ट अति आवळल्यानें कडा उचलल्या असतील, तर सपाट कांचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून तें हळू हळू घासून सपाट करावें. पितळी फ्लोट कानाशीं हलवावा. आंत खळखळ झाली तर तो फुटका. गरम पाण्यांत बुडविला कीं बुडबुडे कोठून येतात त्यावरून भोंक सांपडतें. त्याला डाग देणाऱ्यानें आंतील पेट्रोल पूर्ण काढावें, आणि कथिल अगदीं थोडें लावावें. कारण फ्लोट जड झाला कीं वाटींतील पातळी चढते. अंग धुण्यासाठीं रॉकेल किंवा बाजारांतील क्लीनर आणि पंक्चरवाल्याकडील हवेचा झोत एवढें पुरे. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत कार्ब्युरेटर उकळणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. सोडा मळही खातो आणि धातूही.

जेटाविषयीं मात्र थोडें थांबून सांगितलें पाहिजे. तुंबलेला जेट तारेनें टोंचूं नये असें सर्व जण सांगतात, परंतु कां तें सांगत नाहींत. सोलेक्स जातीच्या जेटावर आंकडा कोरलेला असतो; तो भोंकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत दाखवितो. १३० म्हणजे १.३० मिलिमीटर. हेंच भोंक १.३५ झालें तर फरक पांच शतांशांचा, केसाच्या जाडीइतका. पण भोंकाचें क्षेत्र जवळजवळ ८ टक्क्यांनीं वाढतें आणि तितकेंच पेट्रोल अधिक जातें. पोलादी तारेच्या दोन फेऱ्यांत एवढें सहज होतें, आणि भोंक वाटोळें न राहिल्यानें फवाराही बिघडतो. आतां वाचकांनीं वरील हिशेब आठवावा. २० टक्के इथेनॉलसाठीं आपल्याला सुमारें ८ टक्केच अधिक इंधन हवें आहे. तेव्हां प्लगचें तोंड पांढरें पडत असेल, गाडी अधिक तापत असेल, तर एक नंबर मोठा, बरोबर मापाचा जेट आणून बसवावा. इलाज तेवढाच आहे. तो फार थोडक्या पैशांत होतो आणि तो करण्यासाठीं अख्खा कार्ब्युरेटर टाकून देण्याचें कारण नाहीं. बदल केल्यावर पी.यू.सी. केंद्रावर गाडी नेऊन कार्बन मोनॉक्साइडचा आंकडा पाहत मिश्रणाचा स्क्रू जुळवावा. सरकारी दाखल्यासाठीं जावयाचेंच असतें. त्याच यंत्राचा उपयोग मापासाठीं करून घेण्याची बुद्धि फारच थोड्यांस होते.

मग नवा केव्हां घ्यावा ? अंगास तडा गेला असेल, आंतील वाटा गंजून खड्डे पडले असतील, किंवा आटे इतके गेले असतील कीं दुसरा आटा पाडण्यास धातूच उरली नसेल, तेव्हां हट्ट धरूं नये. परंतु नवा म्हणून बाजारांत जें मिळतें, तें सर्व मूळ मालाच्या तोडीचें असतें असें नाहीं. डबा नवा, रंग चकचकीत, आणि दांडा पहिल्याच दिवशीं डुगडुगतो, असे नमुने आमच्या हातांतून गेले आहेत. नवा घेतांना दांडा हलवून, झांकण उघडून, जेटांचे आंकडे आपल्या गाडीच्या आंकड्यांशीं ताडून मगच पैसे मोजावे. आणि घेतलाच, तर जुना दुकानांत सोडून येऊं नये. त्याचे जेट, सुई, झांकण हीं पुढें कोणाच्या तरी कामीं येतील.

तणकाढणीचीं छोटीं यंत्रें व खांद्यावरचे इंजिनाचे फवारे ह्यांस वरील नियम लागू नाहीं. त्यांचे कार्ब्युरेटर इतके लहान व स्वस्त असतात, कीं आंतील पडदा बदलून काम न झाल्यास नवा बसविणें हेंच शहाणपणाचें. तेथें काटकसर करणारा हंगाम गमावतो.

आमच्या मतावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. दुरुस्त करणारा हात कोठें आहे ? पद्मिनी आणि जीप ह्यांवर शिकलेले मिस्त्री म्हातारे झाले. त्यांचीं मुलें संगणक जोडून गाडीचा दोष वाचतात, आणि त्यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं. अडाणी हातानें जुळविलेला जुना कार्ब्युरेटर हा बाजारच्या नव्याहून वाईट, हें आम्ही मान्य करतों. म्हणूनच हा प्रश्न एकेका मालकाचा न ठेवतां मंडळानें हातीं घ्यावा, असें आमचें म्हणणें आहे. परभणीस कृषि विद्यापीठाचें कृषि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मृग लागण्याच्या आधीं, वैशाखांत, छोट्या पेट्रोल इंजिनांचा व कार्ब्युरेटरचा दोन दिवसांचा वर्ग भरवावा अशी विनंति मंडळानें तेथें करावी. गांवोगांवच्या वृद्ध मिस्त्रींस तेथें मानानें बोलवावें व आय.टी.आय.च्या मुलांस त्यांच्याजवळ बसवावें. जेट मोजण्याच्या गेजांचा एक संच, सपाट कांच, बुश बसविण्यासाठीं लागणारीं दोन-तीन रीमरें, एवढें साहित्य मंडळाच्या कचेरींत असलें तर कोणाही सभासदाला तें एक दिवस नेतां येईल. एका चांगल्या बैलाच्या किमतीच्या पासंगासही हा खर्च येणार नाहीं.

गाडी पुन्हां ताडपत्रीखालीं ठेवतांना काय करावें, हें पुष्कळांनीं विचारलें आहे. टाकी एक तर कांठोकांठ भरावी, नाहीं तर पूर्ण रिकामी करावी; अर्धी ठेवूं नये. पेट्रोलची नळी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालूं द्यावें, म्हणजे वाटी कोरडी होते आणि तिच्यांत चिकट थर बसत नाहीं. थंडीच्या लाटेंत परभणीचा पारा पांच अंशांखालीं उतरतो तेव्हां इथेनॉलमिश्रित पेट्रोल लवकर पेटत नाहीं. अशा सकाळीं चोक पुरा ओढावा, आणि गाडी सुरू होण्यास उशीर लागला तर तेवढ्यावरून कार्ब्युरेटरला दोष देऊं नये.

ज्या सभासदांच्या घरीं माळ्यावर, गोणपाटांत, गव्हाणीच्या फळीवर जुने कार्ब्युरेटर किंवा त्यांचे तुकडे पडून असतील, त्यांनीं ते भंगारवाल्यास न देतां पुढील मासिक सभेच्या दिवशीं बरोबर आणावे. कोणत्या गाडीचा तो, एवढें एका चिठ्ठीवर लिहून तारेनें बांधावें. यादी आम्ही करूं.